धावजीबाबाचं मीठ

"आई, उद्या मीठ नाही," गस्तीनं घरात पाय टाकल्या टाकल्या सांगून टाकलं.

मी लसून सोलत होती. हातातली पाकळी वाटीत टाकली अन् म्हनलं, "काहून? दुकानं बंद हायेत का?"

"चेष्टा नको. उद्या चर्चमध्ये सगळी मंडळी असेल, अन् मी वडीलवर्गात, चर्चच्या कारभारी पंचांत, आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी लेकराच्या मुठीत मिठाची पुरचुंडी द्यायची, हे कोणत्या शास्त्रात लिहिलं आहे?"

गस्ती म्हंजे माहा थोरला, अगस्तीन. हेडमास्तर म्हनून रिटायर झाला, पन हेडमास्तरकी काही रिटायर झाली नाही. तो शांत असला की पुस्तकातलं बोलते अन् पेटला की आमच्या नेर गावचं बोलते. आता पुस्तकातलं बोलून राह्यला होता, म्हंजे सकाळपासून आरशापुढं तयारी करून आलता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याच्या नातीचा बाप्तिस्मा होता. त्याच्या अमरची पोरगी, चार महिन्यांची. नाव मोनिका ठेवायचं ठरलं होतं. लय जुन्या काळात आफ्रिकेत अगस्तीन नावाचा मोठा बिशप होऊन गेला, त्याच्या मायचं नाव मोनिका. म्हंजे माहा अगस्तीन आता आपल्या नातीलेच माय म्हननार. मले तर यातच लय मजा वाटून राह्यली होती, अन् हा मीठ घेऊन बसला.

"अरे, तुह्या मुठीत मीठ होतं," मी म्हनलं. "धाकट्या धाकट्या पोलकेच्या मुठीत होतं. अमरच्या होतं. कोनी मेलं का?"

"मेलं नाही, पण गाय दुभती झाली! तिथंच तर सगळा घोळ आहे."

गाईचं खरं होतं. मागच्या महिन्यात शेजारच्या किसनरावाची गाय आटली. त्याची बायको आली अन् म्हने, आजी, तुमच्या धावजीबाबाच्या मिठातलं चिमूटभर द्या. मी देल्लं. मीठच तर हाये, कोनी मागितलं तर नाही म्हनाव का? दुसऱ्या दिवशी गाईनं बादलीभर दूध देल्लं. बादलीभर का तांब्याभर ते मी पाह्यलं नाही, पन मी सांगताना बादली सांगते. त्याच्यानंतर आठवडाभर दारात बाया. कोनाचं लेकरू रडते, कोनाची सून माहेराहून येत नाही. मंडळीतल्या दोन घरांनी तर आपल्या लेकरांच्या बाप्तिस्म्यालेही तेच मीठ मागितलं.

"लोक म्हनतात मंडळीच्या वडिलांच्या घरातच दिष्ट काढतात," गस्ती म्हनाला, अन् मले समजलं की आता नेर सुरू झालं. "मी लोकायले रविवारी शिकवतो की नजरबिजर काही नसते, अन् माही माय सोमवारी मीठ वाटते! कोन्या तोंडानं उभा राहू मी?"

खरं सांगू? मले त्याच्या मनातलं दिसत होतं. तुम्ही म्हनान, बुढी, तुले कसं दिसते? त्याले नऊ महिने मी आतून ओळखलं हाये. त्याले मिठाचा राग नव्हता. त्याले धाक होता की नवा पास्टर आपल्याले अडानी समजन. लहानपनी वर्गात फळ्यापुढं उभं केलं की असाच कान खाजवे. आताही खाजवून राह्यला होता.

तेवढ्यात पोलके आला, हातात मटनाची थैली. हा माहा धाकटा, पोलिकार्प. हेही मोठ्या बिशपाचं नाव, स्मुर्ण्याचा म्हातारा बिशप, आगीपुढं उभा राह्यला पन प्रभूले नाकारलं नाही. एवढं भारी नाव मी ठेवलं, अन् शाळेतल्या पोट्ट्यांनी दोन दिवसांत त्याचं पोलकं करून टाकलं. कापसाच्या मार्केटात अजून त्याले पोलकेभाऊच म्हन्तात.

"काय चालू हाये?" पोलकेनं विचारलं.

"तुहा भाऊ धावजीबाबाले घराबाहेर काढून राह्यला," मी म्हनलं.

"आई!" गस्ती ओरडला.

"दादा, असं कसं?" पोलके थैली माह्या थोरल्या सुनेले, रूथले, देत म्हनाला. "ते मीठ आपल्या घरची खून हाये. माह्या मुठीतली पुरचुंडी तर मी दुकानाच्या गल्ल्यात ठेवली हाये."

"तेच तर! गल्ल्यात कायले ठेवली? बरकत यावी म्हनून ना?"

पोलकेनं इकडं तिकडं पाहून चष्मा पुसला. एक गडी पडला माहा.

"अमर, तू बोल," मी नातवाले म्हनलं. अमरनं बापाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् म्हने, "मी पास्टरले घ्यायले स्टँडवर जातो." गाडीची किल्ली घेऊन गेलाही. दुसरा गडी.

राह्यली त्याची बायको, निशिगंधा. ती नगरकडची. तिथंच थोरल्या कॉलेजात मंडळीचा, म्हंजे चर्चचा, इतिहास शिकली, अन् लग्नाआधी शिकवतही होती. पोरीले मांडीवर घेऊन ती कोपऱ्यात बसली होती. तिचे कान टवकारले होते. मी ठरवून टाकलं की ही गस्तीकडून हाये. शिकलेली पोरगी, तिले बुढीच्या मिठात काय रस?

पास्टर बादल राठोड उमरखेडकडचे, तांड्यावर वाढलेले. येऊन सहाच महिने झाले होते. वय तिशीच्या आतलं, पन आवाज असा की मागच्या बाकावरचे झोपलेलेही उठतात. रूथनं मटन-भात वाढला. पहिला घास घेतला नाही तोच गस्तीनं विषय काढला.

"पास्टर, उद्याच्या विधीबद्दल थोडं बोलायचं होतं. आमच्याकडे एक कौटुंबिक पद्धत आहे..."

"पद्धत नाही, साक्ष हाये," मी मधात म्हनलं. "पास्टर, तुम्हाले धावजीबाबाची गोष्ट मालूम हाये का?"

"नाही, आजी."

गस्तीनं डोक्याले हात लावला. तुम्ही ही गोष्ट मागं ऐकली असन तरी आज पुन्हा ऐका, कारन मी दर वेळी ती थोडी सुधारून सांगते.

"धावजीबाबा म्हंजे माह्या मालकाचे आजोबा," मी सुरू केलं. "इंग्रजांच्या काळातला इंग्रजांच्या काळातला छप्पनचा दुष्काळ पडलेला. घरात सहा महिने मिठाचा खडा नाही. लेकरं अळनी आंबील पिऊन पिऊन अशी झालती की रडली तरी त्यायचे आसू गोडे. एक दिवस नेरच्या बाजारात चिंचेखाली एक गोरा साहेब बैलबंडीवर चढून ओरडून राह्यला: तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा! बाबा होते दूर. त्यायले बाकी काही ऐकू आलं नाही, फक्त मीठ ऐकू आलं. बाबाले वाटलं मीठ वाटून राह्यले. धोतराचा सोगा पसरून लायनीत उभे!"

पास्टरचा घास हातातच थांबला.

"लाइन पुढं गेली. साहेबानं बाबाले विचारलं, विश्वास धरतो का? बाबाले वाटलं, उधारीचं विचारून राह्यला. बाबा म्हने, पूर्न विश्वास हाये. साहेबानं डोक्यावर पानी टाकलं. बाबा म्हने, पानी भेटलं, आता मीठ? साहेब म्हने, मीठ तूच आहेस."

"मग?" पास्टर पुढं सरकले.

"मंग काय! बाबा घरी आले. डोकं ओलं, सोगा रिकामा. बायकोनं विचारलं, मीठ कुठं हाये? बाबा म्हने, मीच. ती होती तामसी. तिनं बाबाचा हात धरला अन् चाटून पाह्यला. खारट! तिनं तोच हात आंबिलीच्या गंजात बुडवला, अन् पास्टर, आंबिलीले चव आली. त्याच्यानंतर सात वर्षं त्या घरात मीठ इकत आनलं नाही. सैपाक झाला की बाबा येत, बोट फिरवत, निघून जात."

पास्टरले असा ठसका लागला की रूथ पानी घेऊन धावली. पोलके हासून हासून भिंतीले टेकला. गस्तीही हासला असता, पन तो वडीलवर्गात होता.

"म्हनून आमच्या घरी लेकराले बाप्तिस्म्यात मीठ देतात," मी सांगून मोकळी झाली. "मीठ अन् मोहरी. मोहरीच्या दान्याएवढा विश्वास असाव म्हनून."

"मीठमोहऱ्या!" गस्तीनं ताटावर हात आपटला. "पास्टर, मीठमोहऱ्यांनी गावात काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. दृष्ट काढतात. धावजीबाबा आमचे पूर्वज, त्यांचा मान आहेच. पण ही गोष्ट शास्त्रात नाही, मंडळीच्या इतिहासात नाही. मी उद्या हे होऊ देणार नाही. आईनं पुरचुंडी काढली तर मी बाकावरून उठून बाहेर जाईन."

एवढं वाईट तो मले कधी बोलला नव्हता. पास्टरची मोठी पंचाईत झाली. एकीकडं वडील, दुसरीकडं बुढी, अन् ताटात मटन दोघायच्याच घरचं. ते हळूच म्हनाले, "आजी, प्रभू मिठाबद्दल बोलला, खरं आहे. पण बाप्तिस्म्यात मीठ... जुन्या मंडळीत कुठं तसा आधार असता तर मी आनंदानं हो म्हणालो असतो. आधार नसताना मला सुरू करता येणार नाही."

मी लसनाच्या टरफलाकडं पाहत बसली. साठ वर्षांत पहिल्यांदा माह्याजवळ गोष्ट नव्हती.

"आधार आहे," निशिगंधा म्हनाली.

ती पोरीच्या पाठीवर थापटत थापटतच बोलली, वर पाह्यलंही नाही. "जुन्या मंडळीत मोठी माणसं बाप्तिस्म्यासाठी तयारी करायची. त्यांना बाप्तिस्म्याचे उमेदवार म्हणत."

"कोन्या पार्टीचे?" पोलकेनं विचारलं.

"काका, ऐका ना. पश्चिमेकडच्या मंडळ्यांत अशा उमेदवारांना मीठ द्यायची चाल होती. काही ठिकाणी तर पुढं कित्येक शतकं बाप्तिस्म्याच्या विधीत मीठ राहिलं. अन् ज्याला लहानपणीच मीठ मिळालं, त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे, की आईच्या पोटातून बाहेर आलो तेव्हापासूनच मला देवाचं मीठ लावलं होतं."

"कोणी लिहिलं?" गस्तीनं विचारलं.

निशिगंधानं आता वर पाह्यलं. लय गरीब तोंड केलं होतं तिनं. "अगस्तीननं, बाबा. संत अगस्तीननं."

पोलके असा हासला की बाहेरचं कुत्रं भुंकलं.

गस्तीचं काय झालं ते सांगते. मानसाले बाहेरच्यासंग भांडता येते, पन आपल्या नावासंग कसा भांडन? आयुष्यभर तो शाळेत पोरायले सांगत आला की माहं नाव कोन्या ऐऱ्यागैऱ्याचं नाही. आता त्याच नावानं येऊन त्याचा कान धरला होता. त्यानं कान खाजवला, पानी पेलं, अन् विचारलं, "मीठ मिळाल्यावर लगेच बाप्तिस्मा झाला का त्याचा?"

"नाही. मधे बराच भटकला. बाप्तिस्मा झाला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. तोवर आई मोनिका त्याच्यासाठी रडत राहिली."

"म्हंजे मिठानं धरून ठेवलं त्याले," मी म्हनलं. माही गोष्ट परत आलती. "लोनच्यासारखं. मीठ बरोबर पडलं म्हनून बत्तीस वर्षं नासला नाही."

"आजी, हे मी उद्या उपदेशात घेऊ का?" पास्टरनं विचारलं. मले वाटते तेव्हाच गस्ती हारला.

पन हेडमास्तर पूर्न हारत नाही. त्यानं अटी सांगितल्या. एक, हे मीठ घराबाहेर कोनालेच जानार नाही, गाईले तर नाहीच. मी कबूल केलं. दोन, मंडळीले अर्थ समजावून सांगायचा. पास्टरनं कबूल केलं.

"अन् मोहरी?" गस्तीनं सुनेले विचारलं.

"मोहरीला मला जुना आधार माहीत नाही," निशिगंधा खरं तेच बोलली.

"दाना प्रभूनं स्वतः घेतला आहे दाखल्यात," पास्टर म्हनाले. "राहू द्या."

"ठीक. पण मिरची नाही! मीठ, मोहरी अन् मिरची एकत्र दिसली की ती दृष्टच झाली. मिरचीचं देठ जरी दिसलं तरी मी उठून जाईन, आई. मग ते मीठ कोणाचंही असो."

"बाबा, मिरची तर अगस्तीनच्या ऐकण्यातही नव्हती," निशिगंधा म्हनाली. "ती अमेरिकेतून आली, हजार वर्षांहून जास्त काळानं."

"तुह्या सासऱ्याले सांग," मी म्हनलं, "मिरचीचं नावही मी घेतलं नाही. तोच घेऊन राह्यला."

जेवनं झाल्यावर पास्टर गेले. गस्ती खाटेवर आडवा झाला अन् दोन मिनिटांत घोरायले लागला. मी अन् निशिगंधा ओसरीवर पुरचुंडी बांधायले बसलो. पोट्टी मधात, पाय झाडत. मी जाडं मीठ निवडून निवडून फडक्यात टाकलं, मोहरीचे तीन दाने टाकले.

"पोरी, तू माही लाज राखली," मी म्हनलं. "मले तर वाटलं होतं तू सासऱ्याकडून हायेस."

"मी कोणाकडूनच नव्हते. जे खरं आहे ते सांगितलं." मंग ती माह्याकडं वाकली. "आता तुम्ही खरं सांगा. मी सगळ्यांना विचारून पाहिलं. सासऱ्यांच्या आधी या घरात कुणाला मीठ दिल्याचं कोणालाच आठवत नाही. आजेसासऱ्यांना नाही, त्यांच्या भावांना नाही. धावजीबाबांपासूनची चाल असेल, तर मधली इतकी वर्षं मीठ कुठं गेलं?"

आता पाहा, या घरात साठ वर्षांत कोनीच हे विचारलं नव्हतं. गोष्ट चांगली असली की लोक तिचं वय विचारत नाहीत. मी आजूबाजूले पाह्यलं. गस्ती घोरत होता.

"सांगते," मी म्हनलं. "पन हे खरं हाये, म्हनून जरा साधंच हाये."

अन् मी सांगतलं. गस्तीचा बाप्तिस्मा. मी एकोनीस वर्षांची. मी राळेगावकडची, शेतकऱ्याच्या घरची. मिशनच्या शाळेत शिकली, स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला, अन् या घरात लग्न करून आली. बापानं नाव टाकलं. माय मातर, मथुराबाई तिचं नाव, नातवाचा बाप्तिस्मा हाये म्हनून एकटी निघून आली. एसटीचं तिकीट कसं काढतात हेही तिले मालूम नव्हतं. चर्चच्या दारात चपला हातात घेऊन उभी राह्यली. आत ये म्हनलं तर येईना. म्हने, तुह्या देवाले चालते का नाही मले मालूम नाही. मी जवळ गेली तसं तिनं हळूच माह्या पदराच्या टोकाले काहीतरी बांधलं. मीठ, मोहऱ्या अन् एक लाल मिरची. म्हने, एवढी मानसं पाहून राह्यली लेकराकडं, दिष्ट काढून टाक.

"अन् माही सासू कोन होती? प्रभावतीबाई! मिशनची बायबलबाई. गावोगाव बायायले शास्त्र शिकवे. तिले दुरूनच गाठ दिसली. साऱ्या मंडळीपुढं तिनं विचारलं, मैनाबाई, पदरात काय हाये? माय दारात चपला छातीशी धरून मागं सरकून राह्यली होती. मी गाठ सोडता सोडता मिरची काढली अन् सरळ तोंडात टाकली."

"आख्खी?"

"देठासकट. अन् मीठमोहऱ्या हातावर घेऊन म्हनलं, सासूबाई, हे धावजीबाबाचं मीठ हाये. मंग जे तोंडात आलं ते सांगत गेली. चिंचेचं झाड, बंडी, सोगा, सगळं तिथंच सुचलं. धावजीबाबा म्हंजे सासूचे सासरे. सासऱ्याची गोष्ट खोटी हाये असं चारचौघांत ती कशी म्हनन? तिनं उगीमुगी मान हलवली. अन् मंग, निशिगंधा, ती दारात गेली, माह्या मायचा हात धरला अन् तिले पुढच्या चटईवर आनून बसवलं. म्हने, आमच्या सासऱ्याची आठवन तुम्ही ठेवली, बसा."

पोट्टीनं माहं बोट धरलं होतं. मी सोडवून घेतलं नाही.

"अन् मिरची?" निशिगंधानं विचारलं.

"मिरचीनं काय केलं असन! डोळ्यातून धारा. नाकातून धारा. तोंड उघडता येईना. मिशनची मडम पुढं बसली होती, ती म्हने, पाहा, लेकरासाठी कशी रडून राह्यली, ही तर मोनिका हाये! पोराचं नाव याकोब ठरलं होतं. मडम म्हने, मोनिकेच्या पोराचं नाव अगस्तीनच पाहिजे. झालं. तुह्या सासऱ्याचं नाव त्या मिरचीनं ठेवलं."

निशिगंधा तोंडाले पदर लावून हासत होती.

"परत जाताना माय म्हने, बाई, लेकराची दिष्ट तूच गिळली. आता साठ वर्षं तरी तुले राखनीले बसावं लागन, जागेवरून हालता येनार नाही. मी बसली. गस्तीले साठ मागच्या वर्षी पूर्न झाले. म्हनून आता मी मोकळी हावो. सामान बांधूनच बसली, प्रभू बोलावन तेव्हा निघीन."

तिनं डोळे पुसले. मले वाटलं पोरीचं मन भरून आलं. मंग ती म्हनाली, "आजी, ही तुमची सगळ्यात भारी गोष्ट आहे. पण मला नाही पटली."

"काय नाही पटलं?"

"एक आख्खी लाल मिरची, देठासकट, अन् तोंडातून हूं की चूं नाही? धावजीबाबांचा हात खारट लागला, ते एक वेळ चालेल. पण हे?" तिनं मान हलवली. "मी प्रभूच्या त्या शिष्यासारखी, थोमासारखी आहे. स्वतः पाहिल्याशिवाय पटत नाही."

साऱ्या आयुष्यात एकदा खरं बोलली, अन् तेच खोटं ठरलं. मी पुरचुंडीले गाठ मारली अन् लय हासली. गस्ती आतून ओरडला, "काय झालं वो?"

"काही नाही," मी म्हनलं. "तू झोप."

रविवारी चर्च भरून गेलतं. किसनरावही आलता, बायकोले घेऊन, मागं बसला होता. पास्टरनं उपदेशात लोनचं घेतलं. लोकायले ते एवढं आवडलं की पुढच्या बाकावरचा एक बुढा जोरात आमेन म्हनाला, अन् मंग त्याले समजलं की वाक्य अजून संपलं नाही. गस्ती पहिल्या बाकावर, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, कान खाजवत.

गीत सुरू झालं. अमर अन् निशिगंधा पोरीले घेऊन पुढं उभे राह्यले, मी त्यायच्या बाजूले. पुरचुंडी माह्या डाव्या हातात. पास्टरनं तीनदा पानी घातलं. "मोनिका, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो." पोट्टी रडली नाही, नुसती चिडल्यासारखी वर पाहत होती.

तेव्हाच निशिगंधा माह्याकडं झुकली. डोळे मिटलेले, जशी काही प्रार्थना करून राह्यली. माह्या उजव्या मुठीत तिनं काहीतरी सरकवलं अन् कानात म्हनाली, "आजी, हे राहिलं होतं."

मी मूठ जराशी उघडली. लाल, वाळलेली, बोटाएवढी लांब. देठासकट.

मी तिच्याकडं पाह्यलं. तिचे डोळे अजून मिटलेले, पन खालचा ओठ दातात धरलेला.

"आई," गस्ती बाकावरून अर्धा उठला. "हातात काय आहे?"

तोच आवाज. देवाशपथ, हुबेहूब त्याच्या आजीचा, प्रभावतीबाईचा आवाज. साऱ्या मंडळीनं माना वर केल्या. मागं, दारात, मले वाटलं कोनीतरी चपला हातात घेऊन उभं हाये.

मी खोकल्याचं सोंग घेतलं, उजवा हात तोंडाशी नेला, अन् रिकामा करून पुढं केला. मंग डावा हात उघडला. "मीठ हाये, बाबू," एवढंच म्हनता आलं. दुसरा शब्द निघनं शक्य नव्हतं.

एकोनीस वर्षांच्या तोंडात अन् ऐंशी वर्षांच्या तोंडात लय फरक हाये. तेव्हा दात होते. आता ती मिरची मी हिरड्यायनं धरून गिळली. आधी कान गरम झाले. मंग डोकं. मंग डोळ्यातून अशा धारा लागल्या की पोट्टीच्या पांढऱ्या झग्यावर टप टप पडायले लागल्या. मंडळीत बायायनं पदर डोळ्याले लावले. पास्टर हात वर करून म्हनाले, "पाहा, मंडळी, मोनिकेचे अश्रू!"

गस्ती बाकावरून उठला. मले वाटलं बाहेर चालला. तो माह्याजवळ आला. इस्त्रीचा रुमाल काढला अन् माहे गाल पुसले. "रडू नको ना वो, माय," तो म्हनाला, पार नेरचं. "मी काल लय बोललो." मंग माह्या हातातली पुरचुंडी त्यानंच उचलली, अन् आपल्या हातानं नातीच्या मुठीत ठेवली. तिनं ती लगेच तोंडाकडं नेली. फडकं चोखलं, तोंड वाकडं केलं, अन् पुन्हा चोखलं.

निशिगंधाचे खांदे हालत होते. लोकायले वाटलं तीही रडून राह्यली. ती माह्या कानाशी आली. "आजी, पटलं," ती म्हनाली. "सगळं पटलं. पाणी आणू?"

मी मान हलवली, नको म्हनून. तोंड उघडता आलं असतं तर तिले सांगतलं असतं की पोरी, तू काय करून बसली ते तुलेच समजलं नाही. मी मोकळी झालती. सामान बांधून बसलती. आता या पोट्टीची दिष्ट पोटात घेतली, म्हंजे मायच्या शब्दानं अजून साठ वर्षं मले कुठंच जाता येत नाही.